सातेरीची पेटी घरी बनवायची तर आधी चौकट विकत आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला बोरिवलीत, वडिलांची पालघर तालुक्यात चिकू-नारळाची वाडी, तिथे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन वसाहतींपासून सुरुवात करायची आहे. हाताशी सहा हजार रुपये आहेत आणि पेट्या, माशांना धूर द्यायचं धुराडं, तोंडावरची जाळी, पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र असा तयार संच त्याच्या दुपटीच्या पुढे जातोय. तेव्हा हे सगळं घरी बनवता येईल का, आणि परदेशी व्हिडिओत दाखवलेला पेटीचा नकाशा चालेल का?

नकाशा चालणार नाही. बाकी बरंच काही घरी होईल, पण सगळं करू नका.

तुम्ही हा प्रश्न लाकडाच्या किमतीचा समजताय. लाकूड स्वस्तात मिळतं, अडतं ते मापावर. मधपेटी म्हणजे सरकणाऱ्या चौकटींचा कप्पा, आणि त्यातली प्रत्येक फट माशीने मान्य करावी लागते. व्हिडिओतली पेटी बहुतेक वेळा लँगस्ट्रॉथची, म्हणजे मेलिफेरा या मोठ्या युरोपी मधमाशीची असते. मेलिफेराच्या दोन पोळ्यांच्या मध्यांमध्ये ३५ मिलीमीटरच्या आसपास अंतर लागतं, सातेरीला ३० ते ३१ पुरतं. फरक चार-पाच मिलीमीटरचाच, पण सातेरी त्या जादा जागेत आडवी-तिडवी पोळी बांधते, आणि एक चौकट उचलायला जावं तर शेजारची दोन पोळी फाटतात. शिवाय सातेरीची वसाहत लहान असते. मोठ्या पेटीचा रिकामा कोपरा तिला राखता येत नाही आणि तो मेणकिड्याला, म्हणजे पोळी पोखरणाऱ्या अळीला, आंदण मिळतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. जवळपास हौशीने काम करून देणारा सुतार असेल तर हिशेब बदलतो. पेट्या वाडीवर न ठेवता सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर परवानगी, शेजाऱ्यांची भीती आणि रात्री दिव्याकडे येणाऱ्या माशा हा वेगळाच विषय आहे, त्यात मी इथे शिरत नाही. आणि करवत हातात घेण्याआधी एक फोन करा. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदानावर साहित्य मिळतं. हे काम महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून चालतं. पालघरच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. तुमचा नंबर लागला तर निम्मी सुतारकी वाचेल.

नाही लागला, तर पुढचं वाचा.

माशीची वाट

१८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी पेटीच्या रचनेत एक गोष्ट बसवली: ठरावीक रुंदीची फट ठेवली तर माशा ती भरत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. सातेरीसाठी ही वाट ८ मिमीची धरा. ७ ते ९ पर्यंत निभतं. ५ च्या खाली गेलात तर माशीला ये-जा करता येत नाही, १० च्या वर गेलात तर तिथे पोळं बांधते. चौकटीच्या चारही बाजूंना, वर-खाली आणि दोन चौकटींच्या मध्ये हीच वाट लागते.

घरगुती पेटीत दुसरी एक गोष्ट जास्त नडते. मेलिफेरा झाडांचा चीक गोळा करून प्रोपोलिस करते आणि सुताराच्या चुका त्याने लिंपून टाकते. सातेरी प्रोपोलिस गोळा करत नाही. तुमच्या सांध्यात राहिलेली दीड मिलीमीटरची चीर तशीच राहते, मेणकिड्याची पाकोळी तिथे अंडी घालते आणि अळ्या पोळ्यांत घुसतात. त्रास वाढला की सातेरी भांडत बसत नाही, पेटी सोडून निघून जाते. म्हणून मेलिफेरासाठी चालून जाणारी ढिसाळ पेटी सातेरीला चालत नाही.

आधी चौकट, मग पेटी

बहुतेक नवखे आधी पेटी करतात आणि मग तिच्यात बसतील अशा चौकटी शोधतात. उलट करा. पिलाव्याच्या कोठ्याच्या, म्हणजे अंडी-पिल्लांच्या खालच्या कप्प्याच्या, चौकटी विकतच घ्या, दोन पेट्यांना आठ-आठ अशा सोळा. चौकट म्हणजे चार बारीक पट्ट्या, पण सोळा चौकटींच्या चौसष्ट पट्ट्या हातकरवतीने एका मापाच्या काढणं जमत नाही, आणि एक चौकट तिरकी बसली की तिच्या दोन्ही शेजारणी बिघडतात. मागताना ‘आयएसआय ए टाइप, सातेरीची’ असं स्पष्ट सांगा. तिची आतली मोकळी जागा साधारण २१० × १४५ मिमी असते. सगळ्या एकाच ठिकाणाहून घ्या, कारण कारागिराप्रमाणे दोन-तीन मिलीमीटर फिरतात.

चौकट हातात आली की पाच मापं कागदावर लिहा: चौकटीच्या अंगाची बाहेरची लांबी, वरच्या पट्टीची कानांसकट (दोन्हीकडे बाहेर आलेल्या टोकांसकट) लांबी, वरच्या पट्टीची रुंदी, कानाची जाडी आणि चौकटीची एकूण उंची. समजा ती अनुक्रमे २३०, २६४, २२, १० आणि १६५ भरली. मग हिशेब असा:

पेटीची आतली लांबी म्हणजे २३० अधिक दोन्ही टोकांना ८-८, एकूण २४६. आतली रुंदी म्हणजे आठ पट्ट्या गुणिले २२ आणि नऊ वाटा गुणिले ८, म्हणजे १७६ अधिक ७२, एकूण २४८. (आठ चौकटींना वाटा नऊ लागतात. भिंतीलगतच्या दोन विसरल्या की शेवटची चौकट आत जातच नाही.) उंची म्हणजे १६५ अधिक वरची वाट ८, एकूण १७३. कान टेकायची खाच १० अधिक ८, म्हणजे १८ मिमी खोल. तशी ठेवली की चौकटीचा तळ पेटीच्या खालच्या कडेला समतल येतो, आणि वर मधकोठा, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, ठेवला की दोन मजल्यांमध्ये बरोबर एक वाट राहते. वरही वाट आणि खालीही वाट ठेवली तर मध्ये १६ मिमी होतात आणि मधकोठा खालच्या चौकटींना चिकटून बसतो.

तुमच्या चौकटीची मापं वेगळी भरतील. आकडे माझे घेऊ नका, बेरीज घ्या.

फळ्या आणि जोडणी

२० मिमी जाडीची फळी धरली तर एका कोठ्याला एवढं लागेल: बाजूच्या दोन फळ्या २८६ × १७३, पुढची-मागची अशा दोन फळ्या २४८ × १५५, आणि दोन पट्ट्या २४८ लांब, १० रुंद, १८ उंच. या पट्ट्या म्हणजेच तुमची खाच. खाच कोरायला राऊटर किंवा टेबल-करवत लागते आणि वन बीएचकेच्या गॅलरीत ती चालवली तर माशांच्या आधी शेजारी चावतील. त्यापेक्षा पुढची-मागची फळी १८ मिमीने बुटकी ठेवायची आणि तिच्या वरच्या कडेवर, बाहेरच्या अंगाला ही पट्टी उभी चिकटवायची. आतल्या अंगाला १० मिमीची पायरी आपोआप उरते, त्यावर कान टेकतात. फळी १८ मिमीची मिळाली तर ही पट्टी ८ ची करा आणि बाजूच्या फळ्या २८२ च्या. पायरी १० राहिलीच पाहिजे, नाहीतर २६४ ची पट्टी आत बसत नाही. आतलं माप कायम, जाडीतला फरक बाहेरच्या मापात घालायचा.

फळ्या वखारीतच मशीनवर कापून आणि रंधा मारून घ्या. रे रोडला किंवा तुमच्या बाजूच्या कुठल्याही वखारीत मापाचा कागद दिला की थोडे पैसे घेऊन कापून देतात. सरळ कड ही मशीनचीच, हातकरवतीची नाही. घरी फक्त जोडणी करा. वॉटरप्रूफ डिंक आणि प्रत्येक कोपऱ्याला तीन ४० मिमीचे स्क्रू पुरतात. स्क्रूआधी ३ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा, नाहीतर फळीचं टोक उभं चिरतं आणि ती चीर मेणकिड्याचीच. खिळे स्वस्त, पण एका पावसाळ्यात ढिले होतात. डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. वरच्या मापाला ते ३४९ च्या आसपास येतात. दोन्हींत २ मिलीमीटरहून जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना दाबून सरळ करा. गुण्या (सुताराचा काटकोन) लावून एक कोपरा बरोबर दिसतो, चारही बरोबर आहेत हे कर्णच सांगतात.

लाकूड कुठलं? शिवण मिळाली तर उत्तम: हलकी आणि फारशी वळत नाही. जुन्या दारा-खिडक्यांचा साग मिळाला तर त्याहून चांगला, फक्त रंग पूर्ण खरवडून काढा, निदान आतल्या बाजूचा. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला भुंगा लवकर लागतो. ओलं लाकूड अजिबात नको. फळीची रुंदी, म्हणजे पेटीची उंची, कोकणच्या पावसाळ्यात दोन-तीन मिलीमीटर फुगते. वाळलेल्या फळीतच एवढं होतं, ओली तर वाळताना वाकडी होते. ८ ची वाट ११ झाली की तिथे पोळं बांधलंच म्हणून समजा.

तुम्ही पॅलेटचं विचारलंय. भिवंडीच्या गोदामांभोवती आणि न्हावाशेवाच्या वाटेवर पाइनचे पॅलेट मिळतात, पण शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. शिक्काच नसेल किंवा तेल-रसायनाचे डाग असतील तर सोडून द्या. पॅलेटच्या पट्ट्या बहुधा ९०-१०० मिमी रुंद असतात, म्हणजे १७३ च्या भिंतीसाठी दोन जोडाव्या लागतील आणि भिंतीत आडवा सांधा येईल. मी असं लाकूड तळपाट, झाकण आणि स्टँडलाच वापरतो. भिंती एकसंध फळीच्याच.

प्लायवूड हवंच असेल तर ते मरीन दर्जाचं आणि कडा रंगाने बंद केलेलं. साधं कमर्शियल प्लाय पहिल्या जुलैत पापड होतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं नावच काढू नका. ‘बोरर-प्रूफ’ म्हणून विकलं जाणारं प्लायही टाळा. भुंग्यासाठी घातलेलं औषध मधमाशीला ओळखून सोडणार नाही.

तळपाट, झाकण, रंग

तळपाट पेटीला ठोकू नका, सुटा ठेवा. दर आठवड्याला खाली पडलेला मेणाचा चुरा झाडता आला पाहिजे, मेणकिड्याची सुरुवात त्याच चुऱ्यात होते. २८८ रुंद आणि ३५० लांब फळी घ्या, म्हणजे पुढे ६४ मिमी उतरायला जागा राहील. तीन बाजूंना १० मिमी उंचीच्या पट्ट्या, चौथ्या बाजूला सुटी पट्टी आणि तिच्यात १०० × ८ ची फट. फुलोरा नसताना किंवा लाल मुंग्या-गांधीलमाश्यांचा त्रास असताना ही पट्टी बदलून दोन-तीन माशा जातील एवढीच फट ठेवता येते. दोन पट्ट्या करून ठेवा.

बाहेरचं झाकण पेटीपेक्षा चारही बाजूंनी २५-३० मिमी बाहेर यायला हवं. नुसता पत्रा एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. खाली फळी, वर जुना फ्लेक्स ताणून कडेला दुमडून खाली स्टेपल करा. मुंबईत फुकट मिळणारं यापेक्षा चांगलं छप्पर मला माहीत नाही. छापील बाजू खाली, पांढरी वर. आतल्या झाकणाला मध्ये रुपयाएवढं भोक आणि त्यावर बारीक जाळी, म्हणजे पावसाळ्यात आत पाणी सुटत नाही.

रंग फक्त बाहेरून, फिकट. आतून काहीही नको, वॉर्निशही नको, वाळवीचं औषध तर अजिबात नाही. रंगानंतर पेटी आठवडाभर उन्हात उघडी ठेवा आणि नाक आत घालून बघा. तुम्हाला रंगाचा वास येत असेल तर माशीला कितीतरी जास्त येतो. सांध्यांत आतून वितळलेलं मधमाशीचं मेण सोडा. चीरही बुजते आणि ओळखीचा वासही लागतो. मेण ६२-६४ अंशांना वितळतं. ते गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, सरळ गॅसवर कधीही नाही, पेट घेतं.

मधकोठ्याला हाच हिशेब, फक्त उंची मधकोठ्याच्या चौकटीवरून. पहिल्या वर्षी दोन पेट्यांना एकेक पुरतो.

स्टँड

उंची ४५ ते ५० सेंटिमीटर. पॅलेटची लाकडं किंवा भंगारातला अँगल, दोन्ही चालतं. चारही पाय वाटीत. पुस्तकी सल्ला वाटीत पाणी भरायचा असतो. पाण्यात डास होतात, आणि शहरात गच्चीवर अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येते. वाडीवरही डास कशाला पोसायचे? गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल दोन बोटं भरा आणि वर उलटा करवंटीसारखा आडोसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी भरून तेल बाहेर वाहणार नाही. पेटीला टेकलेलं गवत किंवा फांदी कापत राहा, मुंगीला तेवढा पूल पुरतो. प्रोपोलिस नसल्यामुळे सातेरीच्या पेटीचे मजले एकमेकांना चिकटत नाहीत, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करून तळपाटापासून झाकणापर्यंत ताणून बांधा.

काय शिवायचं, काय घ्यायचं

जाळी घरी शिवा. रुंद कडेची टोपी आणि मंगळदास मार्केटमधली काळी नेट पुरे. पांढरी घेऊ नका, तिच्यातून उन्हात अंडी दिसत नाहीत. नेट नाकाला टेकणार नाही एवढी कड रुंद हवी आणि खाली इलॅस्टिक शर्टाच्या आत जायला हवं.

पाक द्यायला झाकणाची काचेची बाटली घ्या, झाकणाला बारीक खिळ्याने १ मिमीची सात-आठ भोकं पाडा आणि आतल्या झाकणाच्या भोकावर उलटी ठेवा. तेवढ्या वेळापुरती जाळी बाजूला करा. साखर आणि पाणी वजनाने समान. गूळ नको, माशांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, दुसऱ्या वसाहतीचा रोग त्यातून येतो. सांडलेला पाक लगेच पुसा, नाहीतर दोन्ही वसाहतींत लुटालूट सुरू होते.

धुराडं विकत घ्या. डब्याला भाता जोडून घरी होतं, पण भात्याची नळी आणि डब्याचं भोक यांच्यात सुटी फट न ठेवता दोन्ही घट्ट जोडलं जातं, मग भाता उलटा धूर ओढतो आणि कोळशाचे कण पेटीत उडतात. जस्ताचा मुलामा असलेला डबा तापला तर त्याची वाफ तुमच्याच छातीत जाते. जळणाला नारळाचं सोडण उत्तम आणि तुमच्या वाडीत फुकट. गोणपाट वापरायचं तर खरं तागाचं, हल्लीच्या बहुतेक गोण्या प्लास्टिकच्या असतात. सातेरीला धूर दोन-तीन फुंकरच लागतो.

मेणपत्रे, म्हणजे पोळ्याचा पाया म्हणून लावायचे मेणाचे छापील पत्रे, घ्यायचे असतील तर सातेरीच्या घराच्या मापाचेच. मेलिफेराच्या मापावर सातेरीचं नीट जमत नाही. पैसे वाचवायचे तर पूर्ण पत्रा लावू नका. २० मिमीची पट्टी कापून वरच्या पट्टीच्या खाली मेणाने चिकटवा, बाकीचं पोळं माशा स्वतः बांधतात. अशा पोळ्याला सुरुवातीला आधार नसतो, चौकट आडवी धरली तर ते तुटून पडतं. नेहमी उभीच धरा.

मधयंत्र दोन पेट्यांसाठी बनवूही नका, घेऊही नका. कुणाकडून दिवसभरासाठी आणा, नाहीतर मधकोठ्यातली पोळी कापून मलमलीतून गाळा. मध आम्लधर्मी असतो. जस्ताच्या पत्र्याची बादली किंवा पिंप त्याला लावू नका, स्टीलच वापरा. आणि निदान तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय पोळं काढू नका. मधातल्या पाण्याची कायदेशीर मर्यादा २० टक्के आहे आणि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत कच्चा मध ती सहज ओलांडतो, मग बरणीत आंबतो.

म्हणजे तुमचे सहा हजार आधी सोळा चौकटी, धुराडं आणि भिंतींच्या चांगल्या फळ्यांवर जाऊ द्या. तळपाट, झाकण, स्टँड, जाळी आणि पाकाची बाटली जवळजवळ भंगारातून होईल. वसाहतींचे पैसे वेगळे ठेवा, ते यात धरलेले दिसत नाहीत.

दोन्ही पेट्या तयार झाल्या की माशा आणण्याआधी एक चाचणी करा. दोन्हींत आठ-आठ चौकटी घाला, ८ मिमी जाडीची एक पट्टी घ्या आणि ती प्रत्येक वाटेतून ओढत न्या. मग दोन्ही पेट्यांच्या चौकटींची अदलाबदल करा, एकीचा मधकोठा दुसरीवर ठेवा. जिथे पट्टी अडेल किंवा खडखडून हलेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि रंधा किंवा पातळ चीप लावून आत्ताच दुरुस्त करा, कारण वसाहत आत गेल्यावर ती भिंत पुन्हा उघडता येणार नाही.